आज्जाची ओळ

सातवी ब च्या वर्गात खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर कुणी बसायचं हे वर्गशिक्षिका ठरवत नसत, सुकन्या ठरवायची. बाईंना वाटायचं आपणच ठरवतो. सुकन्याही त्यांना तसं वाटू द्यायची, एवढं शहाणपण तिला तेराव्या वर्षीच आलेलं होतं.

लातुरातली मुलींची शाळा. बाप बालाजी विजेच्या खात्यात लाईनमन, आई सिंधु घरी शिलाई मशीनवर ब्लाउज शिवणारी. घरात सोन्याचा धूर निघत होता असं काही नाही. पण पोरीचा रुबाब बघावा तर गावच्या पाटलिणीनं शिकवणी लावावी असा. दोन वेण्या घट्ट, रिबिनी कडक, आणि नाकावर माशी बसू द्यायची नाही.

तिच्याभोवती चौघी. पीटीच्या गुरुलिंग सरांनी या पाच जणींना 'पांडव' असं नाव ठेवलं होतं, आणि ते त्यांनी चिडवायला ठेवलं असलं तरी पोरींनी ते मानाचं म्हणून मिरवलं. शिवांगी ही गंजगोलाईतल्या किराणा दुकानवाल्यांची. तिच्या डब्यात रोज काहीतरी नवीन. पुनम दिसायला देखणी आणि स्वभावानं वारा येईल तिकडे वाकणारी. नौशीनचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून सगळ्यांच्या वह्यांची पहिली पानं तिच्याकडे. आणि मंजुषा. मंजुषाला वेगळं सांगावं लागेल, कारण ती सुकन्याची होती.

पाचवीत जूनमध्ये मंजुषा वर्गात आली तेव्हा तिचे वडील हदगावच्या एसटी डेपोतून बदली होऊन आलेले. पहिल्याच तासाला बाईंनी विचारलं, वही का काढली नाहीस? तर ही म्हणाली, "काढूनच राहिले ना मॅडम." झालं. अख्खा वर्ग फिसकन हसला. लातूरच्या पोरी 'काढलाले' म्हणतात, 'काढून राहिले' म्हणजे त्यांना कुठल्या परमुलखातून आल्यासारखं वाटलं. मधल्या सुट्टीपर्यंत 'हसून राहिली', 'बसून राहिली', 'रडून राहिली' असा खेळच सुरू झाला, आणि शेवटचं तर खरंही झालं, कारण पोरगी नळाजवळ खरोखरच रडत होती.

सुकन्या तिच्याकडे गेली, हाताला धरून आणली, शेजारी बसवली आणि वर्गाला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "हिला कोण हसलं तर त्याचं मला नाव सांगायचं. मी बघून राहते त्याच्याकडं."

त्या दिवसापासून कुणी हसलं नाही. पुढे सुकन्यानं तिला लातूरचं बोलणं शिकवलं, रिबीन कशी बांधायची ते शिकवलं, कुठल्या बाईंना गोड बोलायचं आणि कुठल्या सरांपुढे गप्प बसायचं तेही. म्हणून सुकन्या दुष्ट होती असं कुणी म्हणेल तर मी ते ऐकून घेणार नाही. ती हुकूम सोडायची, फटकळ होती, दुसऱ्याचं मन जपायची तिला सवय नव्हती. पण एकदा आपलं म्हटलं की त्या माणसासाठी ती भांडायला उभी राहायची. वाईट एवढंच, की आपण ज्याच्यासाठी भांडतो तो जन्मभर आपला राहतो असं तिला वाटायचं.

आता वेळ अमावस्येचं सांगतो. ज्यानं ती लातुरात पाहिली नाही त्याला सांगून पटत नाही. त्या दिवशी शहरात कुत्रं दिसत नाही. दुकानं बंद, रिक्षा बंद, सगळा जिल्हा आपापल्या शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, तिच्यात पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव म्हणून मांडायचे, भज्जी, बाजरीच्या पिठाचे वाफवलेले उंडे, खीर, तिळाच्या भाकरी आणि बिंदग्यात, म्हणजे लहान घागरीत, आंबील. भज्जी म्हणजे तळलेली नव्हे. तुरीचे, हरभऱ्याचे, वालाचे ओले दाणे आणि पालेभाज्या बेसनात रटरट शिजवलेल्या, आणि तिची चव त्या दिवशी शेतातच लागते, घरी केली तर लागत नाही. ज्याला शेत नाही त्यानं दुसऱ्याच्या शेतात जायचं. बोलावणं नसलं तरी चालतं. बांधावरून जो जाईल त्याला हाक मारायची, आणि त्यानं जेवल्याशिवाय पुढे जायचं नाही. जात, धर्म, ओळख, भांडण, त्या दिवशी काही विचारत नाहीत.

सुकन्याचं शेत औसा रोडला, शहरापासून चौदा किलोमीटरवर. कसायचा चुलता दयानंद, पण वेळ अमावस्येचा मालक आज्जा. दगडोबा त्याचं नाव. पाचवीपासून दोन वर्षं या पाचही पोरी त्याच शेतात येत. पाच दगड, पाच पोरी. प्रत्येकीनं आपापला दगड रंगवायचा. शाळेतल्या बाकीच्या पोरी दिवाळीपासूनच अदमास घेऊ लागत, यंदा सुकन्या आणखी कुणाला नेते का. कुणालाही नेत नसे. पाच म्हणजे पाच.

पूजा झाली की आंबील शेतभर शिंपडायची. शिंपडताना म्हणायचं: 'ओलगे ओलगे, सालम पोलगे'. याचा अर्थ कुणाला पक्का ठाऊक नाही. कानडी मुलखातून आलेलं आहे, आणि पिढ्यान् पिढ्या म्हणत आलेत म्हणून म्हणायचं. पण दगडोबानं त्याला स्वतःची एक ओळ जोडली होती. घोंगडं पांघरून, डोक्यावर बिंदगं घेऊन तो पुढे चालायचा आणि हरभऱ्यावरून आवाज जायचा:

ओलगे ओलगे, सालम पोलगे,
वाटंचा वाटसरू आधी जेवू दे गे,
मागून घरचे खाऊ दे गे!

शेवटच्या 'गे'ला तो असा एक हेल द्यायचा की पाखरं उडायची. बालाजीला त्या ओळीची लाज वाटायची, दयानंद हसायचा. "अण्णानं काव्य केलंय," म्हणायचे दोघं भाऊ, आणि शिकायची तसदी कुणीच घेतली नाही. शिकल्या त्या दोघीच. सुकन्या आणि तिच्यामागून मंजुषा. मंजुषाचा गळा चांगला, हेल तिनं पहिल्याच वर्षी असा उचलला की दगडोबा थांबून मागे बघणार होता, पण आंबील डोक्यावर असताना मागे बघायचं नसतं म्हणून पुढे बघतच म्हणाला, "ही हदगावची पोरगी आपल्यातलीच निघाली की गा."

गेल्या आखाडात दगडोबा गेला. झोपेतच गेला, फार त्रास झाला नाही. दहाव्याला नात्यातल्या बायका रडल्या, सुकन्या रडली नाही. घरी परत येताना ती बापाला म्हणाली, "यंदा ओलगे मी म्हणणार." बालाजी म्हणाला, "म्हण की." शाळेत गेल्यावर तिनं मंजुषाला सांगितलं, "मला एकटीला जमणार न्हाई. मधीच रडू आलं तर? तू शेजारी राहा. मी थांबले तर तू पुढं म्हण." मंजुषानं तिच्या तळहातावर हात ठेवला आणि शब्द दिला. हे जुलैमधलं.

डिसेंबर उजाडला आणि गॅदरिंगच्या नाचाचं निमित्त झालं.

गोंधळाचा नाच होता, पाच जणींचा. मध्ये संबळ घेऊन कोण उभी राहणार? सुकन्यानं स्वतःला मध्ये घेतलंच होतं, त्यात तिला चर्चेचा विषयच दिसला नव्हता. शिवांगी म्हणाली, "दोन वर्षं तूच मधी. यंदा मी राहते. माझ्या काकूनं उदगीरहून खरा संबळ आणलाय."

"संबळ खरा आहे, पण हात तुझे खाली पडलालेत," सुकन्या म्हणाली. "तू मधी राहिलीस तर समोरच्यांना वाटंल दुकानात गहू मापलाली."

बाकीच्या हसल्या. मंजुषाही हसली, हे ध्यानात ठेवा. शिवांगी मात्र चिडली नाही, हसलीच. चिडली असती तर बरं झालं असतं. चिडलेल्या पोरीचा राग चार दिवसांत जातो.

त्याच संध्याकाळी सुकन्यानं आईच्या मोबाईलवरच्या 'पांडव' ग्रुपमधून शिवांगीला काढून टाकलं. खरं तर शिवांगीच्या आईला काढून टाकलं, कारण नंबर तिचा होता. ती बिचारी माउली दुसऱ्या दिवशी सिंधुला विचारत होती की माझं काही चुकलं का. आठ दिवसांत शिवांगीनं नवा ग्रुप केला. पुनम तिकडे गेली, कारण सुकन्यानं तिला स्टेप विसरली म्हणून मागच्या रांगेत टाकलं होतं. नौशीन दोन दिवस दोन दगडांवर पाय ठेवून उभी राहिली आणि मग तीही गेली. ही खबर सुकन्याला मंजुषानंच आणून दिली.

"तुला घेतलं का त्यात?" सुकन्यानं विचारलं.

"मला कशाला घेतील," मंजुषा म्हणाली. "मी तुझी हाय ना."

वेळ अमावस्या जवळ आली तशी शेतातल्या बोलावण्याला उत्तरं येऊ लागली. शिवांगीचा आज्जा संगप्पा यानं बटईला दिलेलं शेत यंदा परत घेतलं होतं; आजवर ती मंडळी सणाला उदगीरला जात, यंदा स्वतःच्या शेतात करणार होती. ते शेत सुकन्याच्या शेतापासून कॅनॉलच्या पलीकडे, तीन-चार बांध ओलांडून. पुनमनं सांगितलं, मला ताप येणार आहे. ताप चार दिवस आधी कसा कळला हे विचारायचं सुकन्यानं टाळलं. नौशीननं खाली बघत सांगितलं की फुफी, म्हणजे आत्या, येणार आहे. सुकन्याला सगळं कळत होतं, ती काही दुधखुळी नव्हती. 'जाऊ द्या तिघींना,' ती मनात म्हणाली, 'मंजू आहे ना.'

आदल्या दिवशी शाळा सुटताना मंजुषानं तिला सायकल स्टँडपाशी गाठलं. डोळे लाल. मामाच्या मुलाचं बारसं निघालंय, पहाटेच्या गाडीनं हदगावला जावं लागतंय, पप्पा ऐकतच नाहीत. "मी लई सांगून बघितलं गं," असं म्हणत ती खरीखुरी रडली. आज्जाची ओळ आता एकटीनं म्हणावी लागणार होती. पण रडणाऱ्या मैत्रिणीवर रागवायचं कसं? तिनं स्वतःच्या अंगातलं लाल जर्किन काढलं आणि मंजुषाच्या हातात दिलं. बापानं दिवाळीला घेतलेलं, टोपीवालं. "पहाटे गाडीत लई गारठा राहतो. घालून जा. भज्जीचा डबा तुझ्यासाठी काढून ठेवते."

मंजुषानं जर्किन घेतलं. एवढंच, दुसरं ती काय करणार होती.

सणाच्या दिवशी सुकन्यानं पाचही दगड स्वतः रंगवले. चुन्यानं बोटं पांढरी झाली, वर कावेची लाल बोटं ओढली. सिंधु चुलीपाशी उंडे वळत होती. "तुझ्या पोरी कुठं हायत गं?" तिनं विचारलं.

"त्यांच्या त्यांच्या घरी."

"भांडलीस?"

"न्हाई."

बालाजी अजून आला नव्हता. सणाच्या दिवशीच कुठली तरी तार तुटली म्हणून त्याला सकाळी खांबावर चढायला बोलावलं होतं. तो आल्याशिवाय पूजा नाही, पूजेशिवाय आंबील नाही, आंबिलीशिवाय जेवण नाही. बारा वाजून गेले. मग सिंधु म्हणाली, "रिकामी बसू नको. कॅनॉलच्या तिकडं जा अन् केरबाकाकाला जेवायला हाक मारून ये. म्हातारा एकटाच आसंल."

कॅनॉलच्या तिकडं म्हणजे शिवांगीच्या शेतावरून. सुकन्यानं वेण्या पुढे घेतल्या, ओढणी नीट केली. तिघी झोका खेळत असतील, खिदळत असतील; आपण मान ताठ ठेवून, समोर बघत, जणू ते शेतच तिथं नाही अशा चालीनं जायचं, असं तिनं ठरवलं. तिची चाल तशी होतीही.

कॅनॉलचा पूल ओलांडून ती पांदीला लागली आणि तुरीच्या पलीकडून आवाज आला.

ओलगे ओलगे, सालम पोलगे,
वाटंचा वाटसरू आधी जेवू दे गे...

सुकन्या थांबली. पहिली ओळ सगळ्या शिवारात चालली होती, तिचं काही नाही. पण दुसरी ओळ जगात एकाच शेताची होती. तिसरी ओळ आली आणि शेवटच्या 'गे'ला तो हेल आला, जसाच्या तसा, कुठेही न अडखळता. तो आवाज कुणाचा हे तिला कुणी सांगायला नको होतं. हदगाव तिथून दोनशेएक किलोमीटर लांब.

पाय मागे घ्यावेत की पुढे, हे तिला सुचेना. तेवढ्यात बांधावर पांढरं धोतर आणि गळ्यात शिवलिंगाची चांदीची डबी असलेला एक म्हातारा उभा राहिला. संगप्पा. त्यानं तिला कधी पाहिलं नव्हतं.

"बा तंगी, बा," तो हात हलवत म्हणाला. म्हातारा उदगीरकडचा, माया आली की कानडीत बोलावायचा. "कोणाची गं तू? ये, ऊट करून जा."

"भूक न्हाई आजोबा. मला पुढं जायचंय."

"आज न्हाई मनू नये. वाटंनं जाणाऱ्याला उपाशी सोडलं तर माझं रान वर्षभर मला शिव्या दील. चल."

आणि इथंच त्या चौघींची चूक झाली होती बघा. सगळं जुळवून आणलं होतं त्यांनी. बारसं जुळवलं, ताप जुळवला, फुफी जुळवली. पण वाटसरूंना हाक मारायला बांधावर म्हातारा उभा होता आणि वाटेनं सुकन्या येऊ शकते हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. वेळ अमावस्येला कुणाला चुकवून जेवण करता येत नाही. सुकन्याला 'नको' म्हणता येईना. दगडोबाची नात होती ती. या दिवशी कुणाचं बोलावणं मोडायचं नाही हे तिला तिसऱ्या वर्षापासून ठाऊक होतं. ती म्हाताऱ्याच्या मागून गेली.

लिंबाला झोका टांगलेला. झोक्याची दोरी टोचू नये म्हणून बसायच्या जागी घडी घालून काहीतरी ठेवलं होतं आणि त्यावर पुनम बसली होती. लाल होतं ते. टोपीवालं. पुनमनं सुकन्याला बघितलं आणि झोका पायानं थांबवला. नौशीन कोपीजवळ उभी होती, ती आत गेली. शिवांगीच्या हातात पाण्याचा तांब्या होता, तो हातातच राहिला. आणि हरभऱ्यातून, डोक्यावर आंबिलीचं रिकामं बिंदगं घेऊन, मंजुषा येत होती. नेमानं समोरच बघत होती, म्हणून तिला सुकन्या सगळ्यात शेवटी दिसली.

"कमलम्मा, पान वाढ गं," संगप्पानं सुनेला हाक दिली. "वाटसरू आलाय."

कमलम्मा, शिवांगीची काकू, हसऱ्या तोंडाची बाई. तिनं सुकन्याला घोंगडीवर बसवलं, पत्रावळ मांडली. "लाजू नको माय. शिवांगीच्याच शाळेतली दिसलालीस की. काय गं शिवांगी, ओळखतीस का हिला?"

"हाव," शिवांगी म्हणाली. "वर्गात हाय."

तीन वर्षांची मैत्री आणि एवढंच. सुकन्यानं पत्रावळीकडे बघितलं.

"मंजू, आंबील वाढ पावणीला," कमलम्मा म्हणाली.

मंजुषा वाकली. आंबील वाटीच्या बाहेर सांडली. हळू आवाजात, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही असं ती म्हणाली, "मी तुला सांगणारच होते."

"बारसं झालं का?" सुकन्यानं विचारलं.

मंजुषा खालच्याच आवाजात एकदम म्हणाली, "तुझ्याकडं मी कायम तुझ्या मागंच राहते. तुझी मंजू, तुझी मंजू. इथं ओलगे कसं मनायचं ते सगळे मला विचारलालेत."

'विचारलालेत.' हा शब्दही सुकन्यानंच शिकवलेला. नळाजवळ रडणारी ती पोरगी तिला आठवली आणि तिच्या मनात आलं, तिला तिथंच सोडायला हवं होतं. मग लगेच या विचाराचीही तिला लाज वाटली. कुणी केसानं गळा कापला तर माणसाला आधी रागच येतो असं नाही. सुकन्याला फक्त एवढं वाटत होतं की इथून उठावं, आणि उठता येत नव्हतं, कारण वाढलेलं पान टाकून उठायचं नसतं. घरचा निवद अजून व्हायचा होता. त्याच्या आधी ती परक्या शेतात जेवत होती, ही टोचणी आणखी वेगळी.

ती जेवली. भज्जी, उंडा, खीर, एकेक घास नीट चावून तिनं सगळं संपवलं. चव कशाचीच कळली नाही. चौघी तिच्याभोवती उभ्या होत्या. तिकडं संगप्पा आपला खुशीत बोलत होता.

"आमच्या घरात ओलगे मनायला कुणाला येईना. दुकानातली माणसं आमी, पंधरा वर्षं बटईनं दिलेलं रान. ही पोरगी आली म्हणून इभ्रत राहिली बघ." त्यानं मंजुषाच्या डोक्यावर हात ठेवला. "अन् काय ओळ म्हणली! वाटंचा वाटसरू आधी जेवू दे. लाखाची बात हाय. मी विचारलं, कोणी शिकवली गं? तर म्हणली, माझ्या आज्जानं केलीय."

सुकन्यानं मान वर केली. मंजुषाचे डोळे तिच्याच तोंडावर होते, आणि त्या डोळ्यांत पोरगी हात जोडून उभी होती.

खोटं बारसं तिनं गिळलं होतं. जर्किनही गिळलं होतं. पण दगडोबा? त्याला जाऊन सहा महिने झाले नव्हते. शेजारी राहा म्हटलं होतं तिला, मी थांबले तर पुढं म्हण म्हटलं होतं. आणि इथं तिनं आज्जाच उचलून आणला होता.

"तुमच्या शेतात म्हणतात का गं असं काही?" संगप्पानं सहज विचारलं.

आता एक शब्द बोलायचा अवकाश होता. शिवांगीचं तोंड उतरलं होतं. तिला ठाऊक होतं ती ओळ कुणाची, दोन वर्षं तिनं ती ऐकली होती. पुनमला ठाऊक होतं, नौशीनला ठाऊक होतं. वर्गात असती तर सुकन्यानं मंजुषाला उभी फाडली असती. पण समोर म्हातारा होता, त्याच्या घरचं अन्न पोटात होतं, आणि खरं सांगायचं तर तिला कुणापुढे 'ते माझं आहे' असं म्हणून रडायचं नव्हतं. तोंड उघडलं असतं तर ती रडली असती.

"न्हाई," ती म्हणाली. "आमच्यात नुसतं ओलगे म्हणतात."

तिनं हात धुतले, कमलम्माच्या पाया पडली, संगप्पाच्या पाया पडली. निघताना मंजुषा झोक्यावरचं जर्किन ओढून घेऊन तिच्यामागे बांधापर्यंत धावत आली. त्याला लिंबाच्या काटक्या चिकटल्या होत्या. "सुकन्या, हे तुझं."

"राहू दे. पुनमला दोरी टोचंल."

केरबाकाकाला बोलवायचं ती विसरूनच गेली आणि सरळ घरच्या शेताकडे वळली. पुलावर आल्यावर तिला रडू आलं. कॅनॉलच्या कठड्याला धरून ती पोटभर रडली, दहाव्याचंही तेव्हाच रडून घेतलं. मग कॅनॉलच्या पाण्यानं तोंड धुतलं.

शेतात बालाजी आला होता. हाताला अजून ग्रीस, कपाळाला कुंकू. पूजा उरकून तो तिचीच वाट बघत होता. दयानंदनं आज्जाचं घोंगडं तिच्या खांद्यावर टाकलं, सिंधुनं बिंदगं डोक्यावर ठेवलं. "हळू जा. मागं बघू नको," आई म्हणाली. "केरबा कुठाय गं?" हेही तिनं विचारलं, पण सुकन्या चालू लागली होती.

एका हातानं बिंदगं धरून दुसऱ्यानं आंबील शिंपडत ती हरभऱ्यात शिरली. बाप मागून येत होता.

"ओलगे ओलगे, सालम पोलगे," तिनं म्हटलं. आवाज चांगला लागला, कुठे कापला नाही. पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा पुन्हा तेवढंच.

"पुढचं म्हण की गं," बालाजी म्हणाला. "अण्णाचं."

"आठवत न्हाई."

"तुला आठवत न्हाई?" बालाजीला ते खरं वाटेना. मग ज्या ओळीची त्याला जन्मभर लाज वाटली होती ती त्यानं स्वतःच चाचरत, बेसूर आवाजात म्हणायला घेतली. "वाटंचा वाटसरू... मागून जेवू दे गे... आधी घरचे..."

उलटी झाली होती ओळ. बालाजी थांबला. "असंच हाय ना गं?" त्यानं मागून विचारलं.

सुकन्यानं मागे बघितलं नाही, तो नेमच होता. "असंच हाय," ती म्हणाली आणि पुढच्या वाफ्यात आंबील शिंपडली.